आमच्या सुखाची उलटतपासणी

शिकलेल्या माणसांचा एक लाडका युक्तिवाद आहे. ज्यांच्या मुलाला जन्मभराचं अपंगत्व आहे असे आईबाप जेव्हा म्हणतात, "या लेकरानं आम्हाला खूप दिलं", तेव्हा ते खोटं बोलत नसतात, पण त्यांचं म्हणणं खरंही धरायचं नसतं. तसं मानल्याशिवाय त्यांना दिवस काढता येणार नाहीत, म्हणून त्यांचं मन ते मानून घेतं. नात्यातल्या एका जाणत्या गृहस्थांनी हे मला अगदी मायेनं समजावून सांगितलं. बोलण्यात हेटाळणी मुळीच नव्हती. "वहिनी, तुम्ही ज्याला सुख म्हणता ती तुमच्या मनानं तुमच्यावर केलेली दया आहे," असं ते म्हणाले. पंगत वाढायची होती, म्हणून मी तेव्हा गप्प राहिले. आता सवडीनं उत्तर देते.

मी शिनोलीची. घोडेगावाहून डिंभ्याकडे आणि पुढे भीमाशंकराला जाणारा रस्ता आमच्या गावातून जातो. माझी मुलगी विशीला टेकली आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली आणि हातापायांवरचा, जिभेवरचा ताबा कायमचा गेला. ती चालत नाही, शब्द बोलत नाही, तिला भरवावं लागतं. यात औषधानं बरं होण्यासारखं काही नाही आणि मी त्याची वाटही पाहत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं वाचताना कुणी चमत्काराची अपेक्षा धरणार नाही.

माझा पहिला प्रश्न असा की ही उलटतपासणी आमचीच का होते? चाकणच्या कंपनीत पोरगा लागला म्हणून पेढे वाटणाऱ्या बापाला कुणी विचारत नाही, की बाबा, हे सुख खरं आहे की पोरगा हाताशी राहिला नाही याचं दुःख तू पेढ्यांखाली झाकतो आहेस? दोन्ही मुलं पुण्यात फ्लॅट घेऊन राहिली, यात्रेपुरती गावी येतात, आणि तरी आई म्हणते की माझी मुलं गुणाची आहेत. तिचं बोलणं आपण मान्य करतो. ती माउली स्वतःची समजूत घालते आहे असं तिच्या तोंडावर म्हणणाऱ्याला आपण असभ्य म्हणू. मूल वाढवण्यात प्रत्येकाच्या वाट्याला काही अपेक्षाभंग येतो आणि प्रत्येक जण तो पचवून जे हाती आलं त्यावर प्रेम करतो. बाकीच्यांचं ते प्रेम, आणि आमचं तेच प्रेम मात्र मनाचा आजार, हा न्याय कोणता? ज्या मापानं आमचं सुख खोटं ठरतं त्याच मापानं सगळ्या जगाचं सुख खोटं ठरेल. तसं म्हणायची त्या गृहस्थांची तयारी असेल तर माझी हरकत नाही. निदान माप तरी सारखं राहील.

आता पुराव्याकडे येते, कारण अशा माणसांना आईच्या शब्दापेक्षा आकडा पटतो. २०११ साली अमेरिकेत ब्रायन स्कॉटको या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या २,०४४ आईबापांची उत्तरं गोळा केली. मुलाचा अभिमान वाटतो असं ९७ टक्क्यांनी सांगितलं. या मुलामुळं आयुष्याकडं पाहण्याची नजर अधिक चांगली झाली, असं ७९ टक्क्यांनी सांगितलं. मूल झाल्याचा पस्तावा होतो असं म्हणणारे ४ टक्के होते. या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट केली, जी आपल्याकडं सहसा कुणाला सुचत नाही. त्यांनी खुद्द डाउन सिंड्रोम असलेल्या माणसांनाच विचारलं. बारा वर्षांवरच्या २८४ जणांनी उत्तरं दिली आणि त्यातले जवळजवळ ९९ टक्के म्हणाले की आम्ही आमच्या आयुष्यात सुखी आहोत.

या पाहणीतलं कच्चं मीही जाणते. ती माणसं संघटनांच्या यादीवरची होती, म्हणजे ज्यांना आधाराचा हात सापडला होता अशी, आणि तीही अशा देशातली जिथं शाळेची बस दारात येते. पण हा आक्षेप माझ्याच बाजूनं साक्ष देतो. आधार मिळालेल्या घरात पस्तावा इतका थोडा असेल, तर पस्ताव्याचं मूळ मुलात नसून आधार नसण्यात आहे, हेच त्यातून निघतं.

आणि थकव्याचं म्हणाल तर तोही मोजला गेला आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या मार्शा सेल्टझर यांनी वयानं वाढलेल्या स्वमग्न मुलांच्या आयांचा अभ्यास केला. त्यांच्या शरीरातल्या ताणाच्या संप्रेरकाची पातळी वर्षानुवर्षं ताणाखाली राहिलेल्या माणसांसारखी निघाली. लढाईवरून आलेल्या सैनिकांशी तिची तुलना झाली. गाजलं ते तेवढंच. त्याच अभ्यासात असंही दिसलं होतं की दिवसातले आनंदाचे प्रसंग या आयांच्या वाट्याला इतर आयांइतकेच येतात. ते तेवढं गाजलं नाही. थकलेली बाई सुखी असू शकत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी बहुधा कधी कांद्याची काढणी केलेली नाही.

मी थकते. हे मला लपवायचं नाही. रात्री तिची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. भरवताना घास चुकीच्या नळीत गेला तर ठसका लागतो आणि त्या ठसक्यातून न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून भात गुरगुट्या करायचा, तिला पाठीला टेकू देऊन सरळ बसवायचं, घास गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा घास द्यायचा. वाढत्या वयाच्या मुलीला उचलून माझे खांदे गेले आहेत. आमच्या भागात उसात बिबटे आहेत. दिवस मावळला की प्रत्येक घर दार लावून घेतं, पण ज्या घरात पळू न शकणारं माणूस आहे त्या घराची झोप वेगळी असते. घरधनी रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला शेतात गेला की मी दाराशी पलंग ओढून झोपते. आकडी आली तर गाडी कुणाची मागायची हे मला तोंडपाठ आहे. चांगला व्यायाम शिकवणारा माणूस हवा तर मंचर, नाहीतर ऐंशी किलोमीटरवरचं पुणं. त्या वाटेवर मी रडलेही आहे. यातला एकही कष्ट मला सुखाचा वाटत नाही आणि कष्टातून सुख मिळतं असंही मी म्हणणार नाही. ठसक्यात कसलं सुख आलंय?

मग सुख कशात आहे? ते सांगायला मला थोडी जागा लागेल, कारण आमच्या टीकाकारांचाही आणि आमचं कौतुक करणाऱ्यांचाही नेमका हाच भाग ऐकायचा राहून जातो.

ती "हो" म्हणताना नजर वर नेते. "नाही" म्हणताना डोळे घट्ट मिटते. हे तिनं मला शिकवायला आणि मी ते शिकायला पुष्कळ वर्षं गेली, कारण सुरुवातीला मी तिच्याशी बोलतच नव्हते, तिच्याविषयी बोलत होते. पहाटे दुधाच्या टेंपोचा हॉर्न वाजला की ती हसते. दुसऱ्या कुठल्या गाडीला हसत नाही. श्रावणात भीमाशंकरच्या एसट्या एकामागोमाग एक जायला लागल्या की तिला ओट्यावरच बसायचं असतं. आजोबांनी गोष्ट सांगताना नाव चुकवलं तर तिला हसू आवरत नाही, आणि आजोबा आता मुद्दाम चुकवतात हेही तिला कळलेलं आहे, तरी ती हसते, कारण तिला आजोबांचं मन राखायचं असतं. कासाराकडं बांगड्या भरायला नेलं तर मी हिरव्या पुढं केल्या की डोळे मिटते आणि जांभळ्या आणल्या की नजर वर जाते. तिला राग येतो, आणि तो खराखुरा राग असतो. मी पाहुण्यांसमोर "हिला काही कळत नाही हो" असं त्यांच्या समाधानासाठी बोलून गेले तेव्हा तिनं संध्याकाळपर्यंत माझ्या हातून घास घेतला नाही. बापाच्या हातून घेतला.

आमच्या भागात बैलगाडा शर्यतीचं काय वेड आहे ते बाहेरच्यांना सांगून समजायचं नाही. २०१४ च्या बंदीनंतर शर्यतींचे घाट सुने पडले होते. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली आणि यात्रा पुन्हा भरात आल्या. तिनं बापाच्या मोबाइलवर शर्यतींचे व्हिडिओ ऐकून ऐकून बैलगाड्यांचा नाद लावून घेतला होता. बापानं तिला खांद्यावर घेतलं आणि घाटावर नेलं. "एवढ्या धुळीत, गर्दीत कशाला आणलीत हिला?" असं चांगल्या चांगल्या माणसांनी विचारलं. "भिर्रर्र" ऐकू आलं, गाडा सुटला, आणि तिचं सगळं अंग ताठ होऊन ती अशी ओरडली की शेजारची पोरं वळून पाहायला लागली. तो आवाज मी तोवर ऐकला नव्हता. घरी आल्यावर रात्रभर तिला झोप नाही आणि आम्हालाही नाही. पुढच्या यात्रेची तारीख ठरली की मी तिला सांगते आणि तिची नजर वर जाते, ती छताला लागेल इतकी वर जाते.

माझं सुख म्हणजे हे. एका माणसाची ओळख. इतर आयांना मूल शब्दांनी आपली ओळख करून देतं आणि पंधरा वर्षांचं झालं की दार लावून घेतं. मला एकेक भुवई वाचावी लागली, म्हणून मी एका जिवाला इतकं जवळून ओळखते जितकं मी माझ्या नवऱ्यालाही ओळखत नाही. ही ओळख मला तिच्या अपंगत्वाच्या बदल्यात मिळालेली नाही. अपंगत्व नसतं तर वेगळी ओळख झाली असती. कदाचित उथळ, कदाचित खोल. ते मला माहीत नाही आणि त्याची तुलना मी करत बसत नाही. पण ही जी झाली आहे ती समजूत नव्हे. समजूत माणूस एकटा घालून घेतो. इथं पलीकडून कुणीतरी उत्तर देतं, हट्ट करतं, मला खोटं पाडतं. जांभळ्या बांगड्या माझ्या मनानं निवडलेल्या नाहीत. मला तर हिरव्याच आवडतात.

इथवर वाचून आता जे लोक माझ्या बाजूचे झाले असतील, त्यांच्याशीही मला भांडायचं आहे. तेही तितकंच गरजेचं आहे.

दर वर्षी ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाला, कुठं ना कुठं आमचा सत्कार होतो. शाल, श्रीफळ, आणि भाषणात ठरलेली वाक्यं. देव अशी मुलं निवडक आईबापांच्याच पोटी घालतो. ही मुलं आपल्याला सहनशीलता शिकवायला येतात. तुमच्यासारख्या माता म्हणजे चालत्याबोलत्या देवता. बोलणाऱ्यांच्या मनात आदर असतो हे मी मानते, आणि तरी ही वाक्यं मला मागच्या जन्मीच्या पापाच्या जुन्या बोलण्याइतकीच जड जातात. पापाचं बोलणं निदान उघड क्रूर होतं, त्याला उत्तर देता येई. निवडीच्या बोलण्यानं आमचं तोंड बंद होतं. ज्याला देवानं निवडलं त्यानं रस्ता नाही, बस नाही, पगार नाही म्हणून तक्रार करायची कशी? देवतेला कुणी सुट्टी देत नाही. तिची पाठ दुखत नाही. तिला कंटाळा येत नाही. आमच्या गावच्या वाटेत देवळांना पायऱ्या आहेत, ऑफिसांना पायऱ्या आहेत, एसटीला पायऱ्या आहेत, आणि भाषण संपल्यावर त्याच पायऱ्या मी मुलीला काखेत घेऊन उतरते.

सहनशीलता शिकवायला ती आली, हे तर मला अजिबात मान्य नाही. माझ्या मनाची मशागत व्हावी म्हणून एका मुलीनं जन्मभर जिभेवरचा ताबा गमवावा, असा विचार करणाऱ्या देवाची मी पूजा करणार नाही. ती मला घडवायला आलेली नाही, ती तिचं जगायला आलेली आहे. मी घडले असेन तर तो माझा प्रश्न. आणि मी फारशी घडलेही नाही. माझा राग होता तसाच आहे, फक्त तो आता योग्य ठिकाणी निघतो.

तेव्हा माझं म्हणणं दोन्ही बाजूंना एकच आहे. एक म्हणतो तुमचं सुख खोटं, म्हणून कीव. दुसरा म्हणतो तुमचं सुख दैवी, म्हणून नमस्कार. दोघांनाही सुख देणाऱ्या त्या माणसाकडं पाहायचं नाही. दोघांच्या बोलण्यात मुलगी ही आईवर आलेली एक घटना असते.

मुलाला माणूस न मानता नुसतं काम मानलं की पुढं काय होतं, याचा दाखला आमच्या पुणे जिल्ह्यातच आहे. १९९४ च्या फेब्रुवारीत शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेनं काढण्यात आली. कारण असं दिलं गेलं, की या मुलींना पाळीची स्वच्छता राखता येत नाही आणि सांभाळणाऱ्यांना त्रास होतो. महिला संघटना आणि आरोग्य चळवळीतली माणसं रस्त्यावर आली, देशभर ओरड झाली, तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. शिरूर तालुका आमच्या आंबेगावला लागून आहे. माझी मुलगी तेव्हा जन्मली नव्हती. पण ती वयात आली तेव्हा अगदी जवळच्या बाईनं मला हेच सुचवलं, तेही माझी दया येऊन. "तुझे हाल कमी होतील गं." हाल माझे आणि पोट तिचं चिरायचं. शिरूरच्या त्या निर्णयामागंही कुणी राक्षस नव्हते. काम कमी करू पाहणारी माणसं होती. त्यांच्या हिशेबात एका रकान्यात सांभाळणाऱ्याचा त्रास होता आणि दुसऱ्या रकान्यात कुणीच नव्हतं. म्हणून मी "ओझं" हा हिशेब इतक्या हट्टानं नाकारते. तो हिशेब कुठल्या टेबलावर जाऊन थांबतो, ते आपण पाहिलेलं आहे.

कुणी म्हणेल, तुमचं रक्ताचं नातं आहे, तुम्हाला दुसरा इलाज नव्हता, म्हणून तुम्हाला सुख शोधावं लागलं. ठीक आहे. मग अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला जा. तिथं शंकरबाबा पापळकरांनी रेल्वे स्टेशनांवर, उकिरड्यांवर, देवळांच्या पायऱ्यांवर टाकून दिलेली अंध, मूकबधिर, मतिमंद मुलं आणून वाढवली. शंभराहून जास्त मुलांच्या कागदपत्रांवर बाप म्हणून त्यांचं नाव आहे. त्यांचं एकाही मुलाशी रक्ताचं नातं नाही. प्रत्येक वेळी त्यांच्यापुढं दुसरा इलाज होता, आणि तरी ते पुन्हा बाप झाले. मनाची समजूत घालायला कुणी शंभरदा जात नाही. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

वझ्झरची माला पापळकर जळगावच्या स्टेशनवर टाकून दिलेली सापडली होती. तिला दिसत नाही. तिनं महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा पास केली आणि राज्यभर तिचे फोटो छापून आले. मला त्या बातमीनं भरून आलं. पण मला त्या घरातल्या दुसऱ्या मुलांचीही आठवण झाली, जी कुठलीच परीक्षा देणार नाहीत, जी माझ्या मुलीसारखी आहेत. शंकरबाबांच्या लेखी ती मालाइतकीच लेकरं आहेत. आपण मात्र बक्षीस शोधतो ते निकालात. अपंग मुलानं काहीतरी करून दाखवलं की आईबापांचं सार्थक झालं म्हणायचं. न दाखवलं तर "काय त्या बिचाऱ्यांचं". माझ्या मुलीनं आजवर काहीही करून दाखवलेलं नाही. ती घाटावर ओरडली. मला तेवढं पुरेसं आहे, आणि ते नसतं तरी पुरेसं होतं.

शंकरबाबांची एक मागणी आहे, ती पुरस्काराच्या बातम्यांत शेवटच्या ओळीत जाते. बेवारस अपंग मुलं अठरा वर्षांची झाली की नियमानं त्यांना बालगृह सोडावं लागतं. त्यांनी जायचं कुठं? त्यांना आयुष्यभर त्याच घरी राहू देणारा कायदा करा, असं ते वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. म्हणजे ज्या माणसानं हे सुख सगळ्यात जास्त चाखलं, त्यानंच सगळ्यात मोठ्यानं सरकारकडं मागणं मांडलं. सुख आहे म्हणून त्यानं मदत नाकारली नाही.

मुंबईच्या मिठू अलूर यांचंही तसंच. त्यांची मुलगी मालिनी १९६६ मध्ये जन्मली, तिला सेरेब्रल पाल्सी. अशा मुलांना शिकवणारी शाळा देशात मिळेना, म्हणून १९७२ मध्ये त्यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. मालिनी शिकली, पुढं तिनं स्वतःचं आत्मचरित्र एका बोटानं टंकलेखन करून लिहिलं. अलूर यांना इंग्लंडला जाण्याची ऐपत होती, ओळखी होत्या. शिनोलीच्या बाईला तसं काही नाही, आणि दोघींचं प्रेम सारखं असून मुलींच्या आयुष्यात एवढा फरक पडला तो ऐपतीमुळं. प्रेमानं शाळा उभी राहत नाही. त्याला पैसा आणि माणसं लागतात.

आता शेवटचा आक्षेप, जो त्या गृहस्थांनी माझ्यासाठी राखून ठेवला होता. "तुमच्या पश्चात काय, याचा विचार आला की तुमचं हे सुख टिकतं का?"

टिकत नाही, असं त्यांना ऐकायचं होतं. आमच्यातल्या पुष्कळ आया देवाला म्हणतात की माझ्या आधी एक दिवस माझ्या लेकराला ने. मीही म्हटलं आहे. जयवंत दळवींनी 'नातीगोती' नाटकात मतिमंद मुलाच्या आईबापांची हीच घुसमट रंगमंचावर आणली, आणि ते नाटक पाहून माणसं सुन्न होऊन बाहेर पडली. पण सुन्न होऊन लोक चुकीचा अर्थ काढतात. त्यांना वाटतं, आईच मुलाचं मरण मागते म्हणजे ते जगणं जगण्यासारखं नसणार. अहो, तिला मुलाचं मरण नको आहे. तिला तिच्यामागं त्याचं काय होईल त्याची धास्ती आहे. तिला शिरूर आठवतं. तिला कोंडून ठेवलेली, साखळीनं बांधलेली माणसं माहीत आहेत. तिच्यामागं चांगलं घर, चांगली माणसं आणि देखरेख असेल अशी खात्री द्या, आणि मग तिला विचारा की एक दिवस आधी ने असं म्हणायचं आहे का. ही धास्ती आमच्या सुखाविरुद्धचा पुरावा नाही. जे गमावण्याची भीती वाटते ते मोलाचंच असतं.

या धास्तीवर आईबापांनी स्वतः उत्तरं शोधली आहेत. बदलापूरजवळ माधवराव गोरे आणि त्यांच्यासारख्या पालकांनी 'आधार' उभं केलं, मोठ्या झालेल्या मतिमंद मुलांसाठी, आईबाप गेल्यावरही राहता येईल असं. कायदाही आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या माणसांना अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडं अर्ज करायचा असतो. त्याच न्यासाची निरामय ही १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. आमच्या पट्ट्यातल्या किती घरांना हे माहीत आहे? सत्काराला बोलावणाऱ्यांनी शालीबरोबर हा अर्ज दिला असता तर मी त्यांचे आभार मानले असते.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तर आणखी पुढं जातो. त्याच्या २४ व्या कलमात, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे रात्री कूस बदलणारी बाई संसदेला दिसली होती. पण त्याच कलमाच्या तोंडाशी शासनाच्या आर्थिक कुवतीची मर्यादा घालून ठेवली आहे. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे २०२३ मध्ये महिना १,५०० झाले आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ते २,५०० करण्याचा निर्णय झाला. वाढ झाली, ती चांगली झाली. खुरपणीला आठवडाभर गेलं तर साधारण तेवढे पैसे हातात येतात, आणि मी खुरपणीला जाऊ शकत नाही, कारण घरी तिच्याजवळ कुणी हवं. ते काम कुणीतरी करतंच आहे. ते प्रेमानं करतं म्हणून फुकट करावं, असं शेतात, शाळेत, दवाखान्यात कुणाला सांगतात का? डॉक्टरांचं रुग्णांवर प्रेम असलं तर आपण त्यांचा पगार कापत नाही.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा, असा शासनाचा नियम आहे. हा निधी कुठं नेमका खर्च झाला, कुणाला विचारून झाला, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक ग्रामसभेला आहे. माझ्यासारख्या आया गावोगाव आहेत, जुन्नरला आहेत, खेडला आहेत, डिंभ्याच्या वरच्या अंगाला आदिवासी वाड्यांवर आहेत, जिथं गाडीसुद्धा लवकर पोहोचत नाही. त्यांना माझं सांगणं आहे की आपलं सुख लपवू नका आणि आपली मागणीही लपवू नका. सुख सांगितलं तर मदत कमी होईल या भीतीनं आपण चारचौघांत रडवेलं तोंड करतो, अर्जावर दुर्दैवी लिहितो, शिबिरात मुलाची हौसमौज झाकतो. तशानं लोकांना कीवच येते, आणि कीव आली की हक्काची चीज भीक म्हणून पुढं येते.

त्या गृहस्थांना मी हे सगळं कळवलं आहे. त्यांचा फोन आला होता, ते म्हणाले, "विचार करतो." मी म्हटलं, "भाऊजी, विचार मग करा, आधी एकदा घरी या आणि तिच्याशी बोला. प्रश्न असे विचारा की हो किंवा नाही असं उत्तर देता येईल. उत्तराला वेळ लागतो, तेवढं थांबा." पुढच्या ग्रामसभेत मी पाच टक्क्यांचा हिशेब मागणार आहे. तिला येणार का म्हणून विचारलं. तिनं नजर वर नेली आहे, तेव्हा ती येईल आणि पहिल्या रांगेत बसेल.